मुद्दाम मोडला, असं त्यानं अर्जात लिहिलं

कृष्णातला मी मारलं ते माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसवून. कारण ऐकाल तर तुम्हीही दोन ठेवून दिल्या असत्या. पण ते सांगायचं तर आधी बहात्तरची फायनल सांगायला लागते.

मी गुंडू, जकात नाक्यावर कारकून. अक्षर बरं म्हणून आमच्या तालमीतल्या पोरांचे नोकरीचे अर्ज माझ्याकडंच लिहायला यायचे. तालीम नावाला कुस्तीची, पण आमच्या पेठेत सगळं फुटबॉलवर चालायचं. कोल्हापुरात माणसाला जात विचारायच्या आधी पेठ विचारतात, आणि पेठ कळली की त्याला चहा द्यायचा का लाथ, ते ठरतं. कृष्णात आमचा बॅक, म्हणजे मागं राहून समोरच्या फॉरवर्डला अडवणारा. उंचीनं बेताचा, पण मांड्या अशा की पँट शिवताना शिंपी वैतागायचा. घरात तो आणि त्याची आई आक्का. बाप लहानपणीच गेला. आक्का मंडईत भाजी विकून त्याला वाढवत होती.

पलीकडच्या पेठेचा फॉरवर्ड होता नृसिंह, शाळामास्तराचा पोरगा. फायनलला त्यानं कृष्णातला दोनदा चकवलं. दुसऱ्यांदा कृष्णात तोंडावर पडला आणि अख्खं स्टेडियम हसलं. तिसऱ्यांदा नृसिंह आला तेव्हा कृष्णातचा बूट बॉलकडं गेलाच नाही असं ते म्हणायचे, गेलता असं आम्ही. नृसिंहची नडगी मोडल्याचा आवाज मात्र कडेला बसलेल्या आम्हा सगळ्यांना आला. हाड मोजा फाडून बाहेर आलं होतं.

मग काय, सगळं मैदान एकमेकांच्या अंगावर. बाटल्या, चपला, फरशीचे तुकडे. सायकलच्या चेनी तर पोरं कमरेला गुंडाळूनच आली होती. आमच्या पिराजीचे पुढचे दात त्याच दिवशी गेले. मी एकाच्या तोंडावर छत्री मोडली आणि खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

तिथंच मिटलं असतं तर बरं होतं. ते चार वर्षं पुरलं. त्यांचा कुणी आमच्या पेठेतनं सायकलवर निघाला की त्याला ओढून तुडवायचा, आमचा कुणी तिकडं सापडला की बडवून गटारीत टाकायचा. माझ्याही पाठीला टाके पडले. आणि प्रत्येक मारामारीत आमचं बोलणं एकच, कृष्णात बॉलवरच गेलता. पिराजीला तर त्यांनी विहिरीच्या काठावर उलटा धरला. 'मुद्दाम मोडला' म्हण, सोडतो. तो काही म्हटला नाही. मग त्यांनी त्याचा डावा हात कोपरातनं पिरगाळला, तो पुन्हा सरळ झाला नाही.

शेवटी दगड आक्काला लागला. शहात्तरच्या शिमग्यात ट्रकमधनं आलेली त्यांची पोरं कृष्णातला शोधत होती. तो घरी नव्हता, आक्का दारात मेथी निवडत बसली होती. दगड कानशिलावर बसला आणि म्हातारी तशीच आडवी झाली, मेथी रक्तात भिजली. त्या कानानं तिला पुन्हा ऐकू आलं नाही. डोकं गरगरायला लागलं म्हणून मंडईत बसणंही सुटलं.

कृष्णातनं त्या दिवसापासून खेळ सोडला. "नोकरी पायजे मला," म्हणाला. "सकाळी भाईर पडायचं नि सांजला आक्काजवळ यायचं. मारामारी बास." फौजदारानंही सांगून ठेवलं होतं, पुढच्या वेळी सापडलास तर जिल्ह्यातनं तडीपार. हा तडीपार झाला तर आक्काला बघणार कोण? नोकरी लागली तर दोघं जगणार होती, नाहीतर नाही.

आणि जाहिरात आली ती कुठली, तर उद्यमनगरातल्या एका ऑइल इंजिनच्या कारखान्याची. 'विक्री प्रतिनिधी पाहिजेत. गावोगाव फिरण्याची तयारी हवी. आपले घर, आपली जडणघडण आणि या कामास आपण का योग्य आहात, हे स्वहस्ताक्षरात लिहावे.' अर्ज करायचा विक्री विभागाच्या साहेबाकडं. आणि साहेब कोण, तर नृसिंह. पाय अधू झाल्यावर तिथल्या मालकांनी त्याला टेबलावर बसवलं होतं आणि तो हुशारीनं वर चढला होता.

"खुळ्या, सगळं कोल्हापूर सोडून त्याच्याच दारात?" मी म्हटलं.

"दुसऱ्या दारांत जाऊन आलोय की. तालमीचं नाव ऐकलं की नगं म्हणत्यात."

मी झकास मजकूर केला. 'मी सुसंस्कृत शेतकरी घराण्यातील असून मुरगूड येथे माझ्या मामांची बागायत आहे, सबब इंजिनाशी माझा लहानपणापासून परिचय आहे.' फुटबॉलचं नाव नाही, पेठेचं नाव नाही. मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

"तू नाहीस म्हणूनच नोकरी लागेल."

"गुंडूदा, माल इकायचा म्हंजे काय? समोरचा कुठं वळणार ते त्येच्या आधी वळखायचं. त्येच्या डोळ्याकडं न्हाय, कमरंकडं बघायचं. शेतकरी नगं नगं म्हणतोय पर जाग्यावरनं उठत न्हाय, म्हंजे त्येला घ्यायचंय. हे मला बॅकला उभं ऱ्हाऊन आलंय. मामाच्या उसात न्हाय."

बेट्याचं खरं होतं. मी म्हटलं, बरं, हे घालू. तर म्हणतो, "आता पायाचं लिव."

"पायाचं काय लिहायचं? बॉलवर गेलतास, चुकून लागलं. तो विषयच नको."

"बॉलवर न्हवतो गेलो. मुद्दाम मोडला. लोक हसले म्हणून."

माझा हात कधी उठला मला कळलं नाही. एक कानाखाली दिली, दुसरी तोंडावर. त्याचा ओठ फुटला. पिराजीचा हात, माझ्या पाठीचे टाके, आक्काचा कान, सगळं त्या 'बॉलवर गेलता'साठी, आणि हा गडी म्हणतो मुद्दाम.

"चार वर्षं तोंड शिवलं होतं का, सुक्काळीच्या?"

"तुमी सगळी माझ्यापायी मार खात हुता. कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग आता कशाला?"

"त्येचा पाय मोडायचा, त्येच्याच हातनं पगार घ्यायचा, नि वर तोंडावर खोटं बोलायचं? मला न्हाय जमणार. द्यायची तर कळून दिऊ दे." ओठ पुसून त्यानं माझा कागद बाजूला सारला आणि वाकड्या अक्षरात स्वतः लिहायला बसला. मी रागानं पाठ फिरवून बसलो होतो, तरी नंतर वाचलाच.

'माझी जडणघडण मैदानावर झाली. समोरच्याच्या कमरेकडे बघून तो कुठे वळणार हे मला आधी कळते. आपला पाय मी मुद्दाम मोडला. चेंडू लांब होता. माझ्या आईला एका कानाने ऐकू येत नाही व तिला माझ्याशिवाय कोणी नाही. मला नोकरी पाहिजे.'

असला अर्ज साऱ्या जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात जाऊन देऊन आला.

नृसिंहच्या टेबलावरनं तो शिपायानं उचलला. शिपाई त्यांच्याच पेठेतला. त्याच आठवड्यात त्यांच्या चौकात अर्ज मोठ्यानं वाचला गेला, फटाके उडाले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या पोरांच्या कानावर आलं.

पोरांनी कृष्णातला घरातनं तालमीत आणलं. मी धावत पोचलो तर तो मधे उभा आणि भोवतीनं सगळी. पिराजीच्या चांगल्या हातात दांडकं होतं.

"खोटं हाय म्हण," पिराजी म्हणाला. "त्यांनी तुझं नाव घालून लिवलंय म्हण. आमी मानतो."

त्याला वाचवायलाच बघत होता बिचारा. पण कृष्णात म्हणाला, "माझंच अक्षर हाय."

पहिलं दांडकं खांद्यावर बसलं, दुसरं पाठीवर. मग सगळीच तुटून पडली. लाथा, बुक्क्या, चेनी. मी मधे घुसलो तर मलाही बरगडीत बसली आणि भिंतीशी जाऊन पडलो. कृष्णातनं हात वर केला नाही, सोडा म्हटलं नाही. चौघांनी त्याला धरून त्याचा पाय दगडी पायरीवर आडवा ठेवला. उचलून ताकद कमवायला तालमीत जड दगडी कड्यासारखा नाल असतो, तो पिराजीनं एका हातानं आणि मांडीच्या नेटानं उचलला. मी ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले. पिराजी रडत होता, आणि रडत रडतच त्यानं नाल पायावर सोडला. तो आवाज आम्ही बहात्तरला ऐकला होता.

थोरल्या दवाखान्यात फौजदार आला. कृष्णातनं जबानी दिली, नाल उचलताना निसटून पायावर पडला. कुणाचं नाव घेतलं नाही. तडीपारी टळली, पण गावोगाव फिरायची नोकरी मोडक्या पायाला कोण देणार? आक्का त्याच्या प्लास्टरवर हात ठेवून नुसती बसून राहायची. मला तर वाटायचं, त्या अर्जाचा कागद कृष्णातच्या तोंडात कोंबावा.

तो घरी आला त्या रविवारी भर दुपारी नृसिंह आमच्या पेठेत शिरला. एकटा, काठी टेकत. कट्ट्यावरची पोरं बघतच राहिली. चार वर्षांत त्यांचा माणूस असा चालत आलाच नव्हता. मी नि आक्का कृष्णातपाशी बसलो होतो. तो सरळ खोलीत आला, खाटेपाशी थांबला आणि काठी डाव्या हातात घेऊन त्यानं कृष्णातच्या थोबाडात अशी ठेवून दिली की डोकं भिंतीवर आपटलं. मी उठलो. कृष्णातनं मला हातानं खाली बसवलं.

"चार वर्षं मी स्वतःला समजावतोय," नृसिंह म्हणाला, "की चुकून झालं असेल. तुझा अर्ज वाचला आणि इंजिनाचं हँडल घेऊन निघालो होतो, तुझं डोकं फोडायला. मालकांनी धरलं."

मग धाप लागल्यासारखा खाटेच्या कडेला बसला. प्लास्टरकडं बघत राहिला. "नडगीच ना?"

"व्हय."

"उशी गुडघ्याखाली घेऊ नको, टाचेखाली घे. आतनं खाज सुटली तर तार घालायची नाही. मी घातली, जखम चिघळली."

कृष्णातनं मान हलवली. मग हळूच विचारलं, "आनि जागा?"

"फिरतीवर तुला आता घेता येत नाही. पण शेतकरी कारखान्यात येतात, इंजिनाभोवती फिरतात आणि न घेता जातात. त्यांच्यासमोर बसायला माणूस पाहिजे, कमरेकडं बघणारा. प्लास्टर निघालं की ये. आणि ऐक, मी तुझा दोस्त नाही. तुझं तोंड बघून मला रोज राग येईल. तो तू सोसायचा."

कृष्णात हमसून रडायला लागला. एवढा मार खाऊन न रडलेला माणूस, लहान पोरासारखा रडला.

पण नृसिंह बाहेर पडला तर चौक भरला होता. येताना पोरं बेसावध होती, आता जमून उभी होती. चेनी होत्या, दगड होते, पुढं पिराजी वीट घेऊन. नृसिंहला काही झालं तर कृष्णातची जागा गेली, आणि सगळं पहिल्यापासनं सुरू.

मी आक्काला म्हटलं, तू आत थांब. तिनं ऐकलं नाही. पदर खोचला, नृसिंहला मागं सारलं आणि त्याच्या पुढं चालायला लागली. सावकाश, कारण त्याला भरभर चालता येत नव्हतं. पिराजीसमोर येऊन ती थांबली.

"मार की," म्हणाली. "अजून एक कान ऱ्हायलाय माझा."

पिराजी बाजूला सरकला, आणि त्याच्या मागची पोरंही सरकली. आक्का नृसिंहला पेठेच्या टोकापर्यंत सोडून आली.