धाकूतात्यांचं गोडं पाणी

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा धाकूतात्यांनी चहा नको म्हटलं आणि अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरली. पाणी तोंडात घोळवलं, कडेला थुंकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या पाण्याला औषधाचा वास हाय. दोन दिवस उघडं ठेवा, मंग झाडांना चालंल." आमच्याकडे एकही झाड नाही हे मी सांगेपर्यंत ते फाटकाबाहेर गेलेसुद्धा होते.

तात्यांना जाऊन आता वर्ष होईल. उमेदीची चाळीस वर्षं त्यांनी रत्नागिरीच्या बंदरातल्या मच्छीमार बोटींवर काढली. त्यातली निम्मी तांडेल म्हणून, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा असा माणूस. घरात तो मान त्यांच्या बायकोकडे, शेवंताकाकींकडे होता. वादळाला घाबरून बोट कारवारला, मंगळूरला, कधी कोचीला लागली की बाकीचे खलाशी बाजार बघायचे आणि तात्या ओढे बघायचे. ओढ्यातली, तळ्यातली झाडं मुळासकट उपटून ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचे. काकी म्हणायच्या, "मला कधी एक गजरा आणला नाय. ह्या शेवाळाला मात्र कोचीवरनं आणलंन."

गुडघे गेल्यावर तात्या घरी बसले आणि पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. अर्धी कापलेली निळी पिंपं, मासळीचे थर्माकोलचे खोके, एका फुटक्या टाकीचा तळ, सगळ्यात पाणी आणि पाण्यात झाडं. लाल पानांची ती कारवारी, केसांसारखी बारीक ती मंगळूरवाली. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी एकदा कारवारीचं शास्त्रीय नाव सांगितलं. तात्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढी हाक पुरी व्हायच्या आत बोट बुडंल."

येणारा प्रत्येक पाहुणा वाकून विचारायचा, "मासे कुठायत?" तात्यांना त्याचा भयंकर राग. "मासे बंदरावर. हितं झाडं हायत." डासांची अंडी खायला पाच-पन्नास गप्पी मासे सोडलेले होते, पण त्यांची ओळख करून देताना ते म्हणत, "ते कामाला ठेवलेत."

माणूस उदार होता. कुणाला सुरमईची तुकडी द्यायला मागेपुढे बघायचा नाही. पण झाड मागा! "देतो गो, आजून मूळ धरलं नाय तिनं." मी ती कारवारी चार वर्षं मागत होते. चार वर्षं तिने मूळ धरलेलं नव्हतं, आणि पिंप मात्र पानांनी ओसंडत होतं.

मग तो मे महिना आला. नळाला तीन दिवसांआड पाणी यायला लागलं, म्हणून तात्यांनी आळीतल्या जुन्या विहिरीचं पाणी ओढून सगळी पिंपं भरली. समुद्राकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. तात्यांनाही होतंच. त्यांनी नेहमीप्रमाणे पाणी चाखलं आणि निकाल दिला, "गोडं हाय." आठ दिवसांत झाडं विरघळायला लागली. पानं काचेसारखी झाली, बोट लावलं की चिखल. कामाला ठेवलेले मासे मात्र मजेत होते, त्यामुळे पाण्यावर तात्यांचा संशयही जाईना.

मी एक घोट घेतला आणि थुंकले. "तात्या, हे खारं आहे." त्यांनी परत चाखलं, आणखी एकदा चाखलं. "मला गोडं लागतंय," ते अगदी हळू म्हणाले. चाळीस वर्षं समुद्राचे फवारे तोंडावर घेतलेली ती जीभ. मला त्या दिवशी त्यांची थट्टा करवली नाही. तात्यांनी पिंपं पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकी आमच्या मागच्या दारी आल्या. "बाय, तुज्याकडची ती कारवारी घेऊन चार वाजता ये."

आता खरं सांगायला हवं. आमच्या आळीत शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. चिमूटभर साखर, दोन मिरच्या, काहीतरी घालायचंच. घरात काही नसलं की काकी पिंपात हात घालून झाडाचा एक तुकडा वाटीत टाकत आणि म्हणत, "ह्यांना बोलू नको." माझी कारवारी न्हाणीघरामागे बादलीत वाढत होती. चोरीचा माल एकट्या माझ्याकडेच आहे, असं मी समजत होते.

चार वाजता पडवीत अकरा बायका जमल्या. वाट्या, पातेली, एकीकडे तर कुकरचा डबा. तात्या उठून बसले. एकेक झाड उचलून बघू लागले. "ही मंगळूरवाली... ही तुज्याकडं कशी?" तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकी आत भांडी आपटत होत्या. तात्यांनी त्या आवाजाकडे मान वळवली. "चोर माज्याच घरात, आन् मी कुत्रा पाळायच्या विचारात!"

काकींनी दोन दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी पिंपांत ओतलं आणि झाडं आत गेली. आम्ही वाट्या उचलून निघालो तर काकी दारात आडव्या. "थांबा गो. रिकाम्या कुठं नेताव?" मग नवऱ्याकडे बघून, "आता तुमी भरा."

तात्यांनी सगळ्या वाट्या एकदा मोजल्या. मग आत गेले आणि खिडकीतली काचेची बरणी घेऊन आले. तिच्यात गेल्या पावसाचं पाणी होतं, म्हणून तेवढी वाचली होती. तिच्यातलं पिळदार पानांचं झाड पावस गावाच्या पलीकडच्या एका ओढ्यातलं. रस्ता रुंद झाला तेव्हा तो ओढा भरावाखाली गेला, आणि तात्यांना ते पुन्हा कुठे दिसलं नाही. त्या प्राध्यापकांनी तीनदा मागूनही तात्यांनी ते दिलं नव्हतं.

जाळ्याची गाठ सोडवावी तशी त्यांनी मुळं नखांनी सोडवली. एकेक कोंब एकेका वाटीत ठेवत गेले. शेवटची वाटी माझी. ती भरली तेव्हा बरणीत नुसतं पाणी उरलं होतं.

"तात्या, एक तरी तुम्हाला ठेवा," मी म्हटलं.

"नको," तात्या म्हणाले. "माज्या जिभेचा आता भरवसा नाय. तुमच्याकडं जगंल."