गप्प राहणारा जंतू

शैला गेल्याचा फोन तिच्या भाच्याने केला, तेव्हा मी कर्जतच्या बाजारात भाजी घेत होते. हे होणार हे आठवडाभर दिसत होतं. तरी हातातली जुडी तशीच धरून मी बराच वेळ उभी राहिले...

आतड्यातल्या जंतूंवर उभा जन्म काम करून ती निवृत्त झाली आणि पळसदरीला माझ्या शेजारी राहायला आली. डोंगरातल्या वाडीवर मुलं वरचेवर जुलाबाने आजारी पडत. सगळे पाण्याला दोष देत. शैलाने पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. मग मुलांच्या शौचाचे नमुने तपासून घेतले, तर आजारी मुलांच्या पोटातला जंतू धडधाकट मुलांच्या पोटातही निघाला! "कुंदा, एरवी तो गप्प असतो गं," ती म्हणाली. "पोटात नाचणी, पालेभाजी जात असली की बाकीचे जंतू त्याला डोकं वर काढू देत नाहीत. नुसत्या बिस्किटांवर राहिलेल्या पोटात तोच उलटतो."

मग वाडीवर खेपा सुरू झाल्या. दारोदार बसून ती हेच समजावून सांगायची. एकदा काशी नावाच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. "बाई, पटतंय तुमचं. पण नाचनी लावू कुठं? डोंगरउताराची जमीन बंगलेवाल्यांकडं गेली. आमी सकाळीच कामाला जातो, पोरगी बिस्कुटाच्या पुड्यावर राहते." डोंगर उतरताना शैला वाटेतच बसली. "मला जंतू कळला गं... बाकीचं माझ्या हातात नाही." तरी काशीच्या मुलीसाठी ती रोज नाचणीची आंबील पाठवू लागली. ती पोर तगली. बाकीच्या घरांना शैला पुरी पडली नाही.

यंदा तिला न्यूमोनिया झाला. जबर औषधं देणं भागच होतं. छाती सुधारली आणि जुलाब लागले, ते थांबेचनात. खोपोलीच्या दवाखान्यात ती डोळे मिटूनच म्हणाली, "औषधाने चांगले जंतूही गेले. आता उरलेल्याला रान मोकळं..." मग म्हणाली, "दमले गं." त्यानंतर ती बोलली नाही.

परवा तिचं घर झाडत होते. दारात एक अनोळखी बाई, कडेवर मलूल पोर. "बाई हाईत का? हिला जुलाब लागलेत." बाई गेल्याचं मी सांगितलं. तिने पोर तिथेच पायरीवर निजवलं. मला शैलाचं शास्त्र येत नाही, अंगात जोरही उरलेला नाही. दवाखान्यात जायला रिक्षा बोलावली आणि ती येईपर्यंत पाणी उकळून निववलं. त्यात घालायला मीठ-साखर शोधायला शैलाचं फडताळ उघडलं, तर दोन्ही डबे अगदी पुढेच, हाताशी ठेवलेले होते.