अंगावरून जातं

"काय होतंय?"

"अंगावरून जातं."

"काय जातं? नीट सांग. तोंड आहे ना?"

राजापुरातला दवाखाना. बाजाराचा दिवस. डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं, बाहेर बाकावर दहा-बारा माणसं. त्यात आमच्याच वाडीतले दोन बाप्ये. मी मान खाली घालून म्हटलं, "हिरवट जातं. खाज सुटते. वास येतो."

"नवरा?"

"मुंबईला. गोदीत."

डॉक्टर खुर्चीत रेलले. आवाज मुद्दाम चढवला. "नवरा मुंबईला, मग हे कुठून आणलंस?"

बाकावर कुणीतरी हसलं.

तपासलं नाही. "आधी अंग धुवायला शिका तुम्ही लोक," म्हणाले आणि चिठ्ठी सरकवली. वास जावा म्हणून मी दिवसातून दोनदा आत साबण लावत होते. आग होईपर्यंत. चिठ्ठी चुरगाळून पुलावरून अर्जुना नदीत टाकली.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं. मी तिशीची. नवरा शिमग्याला आणि गणपतीला यायचा. तो परत गेला की थोड्या दिवसांत हे सुरू व्हायचं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळत होता की नव्हता, आज सांगता येत नाही.

घरी थोरली जाऊ वाट बघत होती. मी तिला वैनी म्हणायची. सासू नव्हती, घरात तीच मोठी.

"डॉक्टरनं काय सांगितलान गो?"

"उष्णता हाय म्हणाला. बायकांना व्हायचंच."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. ते वाक्य माझं. लाज झाकायला केलेलं. वैनीनं ते खरं मानलं.

पुढं दोन वर्षांनी. वैनीची पाळी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. लावणीला वाकली असताना तिच्या लुगड्यावर डाग दिसला. चिखलात उभ्या सगळ्या बायका खिदळल्या. "वैनी परत तरणी झाली गो!" "आता पाळणा बांधा!" वैनीही हसली. मी तर सगळ्यांत मोठ्यानं.

रक्त म्हणजे पाळी. पाळी म्हणजे बाजूला बसायचं. मीच पडवीत तिच्यासाठी गोणपाट अंथरलं, तांब्या वेगळा ठेवला. लांबून भाकरी टाकली. चौथ्या दिवशी ती न्हायली, दहाव्या दिवशी परत लागलं. परत बसवली. नंतर नंतर ती महिन्यातले पंधरा दिवस पडवीतच. रक्त थांबलं की तांबूस पाणी जायचं, त्याला कुजका वास. तिची लुगडी मी काठीनं उचलायची. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एका दुपारी तिनं हाक मारली.

"धाकटे, मला ने गो दवाखान्यात. पाळी अशी नसते."

"नको वैनी. चार माणसांत नाय नाय ते विचारतात."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुला विचारलान काय?"

मी उठून आत गेले.

दीड वर्षानं ती उठेनाशी झाली, तेव्हा रत्नागिरीला नेली. एसटीत तिचं डोकं माझ्या मांडीवर. इस्पितळात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी पडदा ओढला, सावकाश तपासलं. मग मला बाजूला घेतलं.

"पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. फार पुढं गेलाय. पाळी बंद झाल्यावर एक थेंब दिसला तरी यायचं असतं. इतके दिवस काय करत होतात?"

मी खरं ते सांगितलं. "बाजूला बसवत होतो."

मग कसं कोण जाणे, मी माझंही बोलून टाकलं. त्यांनी आवाज चढवला नाही. तपासून म्हणाल्या, आतून साबण लावणं बंद कर, त्यानं उलट वाढतं. गोळ्या देते, पण नवऱ्यानंही त्याच वेळी घ्यायच्या, नाहीतर पुन्हा होईल. साधं पांढरं, वास नसलेलं, ते सगळ्यांनाच जातं, त्याला भ्यायचं नाही. रंग बदलला, वास आला, खाज सुटली, ओटीपोट दुखलं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं, तर थांबायचं नाही.

पाच मिनिटांचं बोलणं. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर.

वैनी दोन महिन्यांनी गेली. पडवीतच. शेवटी आत घेऊ म्हटलं तर म्हणाली, "नको. सवय झाली गो."

बाराव्याला माणसं जमली. थोरल्या दिरांनी, वैनीच्या नवऱ्यानं, सगळ्यांना सांगितलं होतं, काविळीनं गेली. पंक्तीत एका बाईनं मला विचारलं, "कावीळ वेळेवर कळली नाय काय गो?"

माझ्या हातात भाताची परात होती. ती खाली ठेवली.

"कावीळ नव्हती. अंगावरून रक्त जात होतं. डॉक्टरकडं ने म्हणाली, मी नेली नाय."

दीर ताडकन उठले. "गप. चार लोकांत बोलायच्या गोष्टी हायत ह्या?"

"चार लोकांना भिऊनच मेली ती."

नवरा मुंबईहून आलेला. माझा दंड धरून म्हणाला, "आत हो."

मी हात सोडवला. "नाय जात. मला झालंय त्याच्या गोळ्या तुम्हाला पण घ्यायच्यात. घेत नाय तोवर माझ्याजवळ यायचं नाय."

भर पंक्तीत बोलले. कुणाचाही घास हलला नाही.

हात धुताना पंक्तीतली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मला पण तांबूस जातं गो." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी तिला घेऊन गेले. त्यानं माझा गुन्हा फिटला नाही. फिटायचा नाही. वैनीला बसवणारे हात माझे होते.

आता मी पन्नाशीत आहे. बाई दिसली की विचारते. शेतात, लग्नघरात, कुठंही. कसलं जातं, कधीपासून जातं, वास येतो का. काहीजणी मला टाळतात, काहीजणी शिव्या देतात. देऊ देत. मी विचारणारच. तिला लाज वाटली तर वाटू दे. जिवंत राहून लाजेल.