रंगनाथभाऊंचं नाक

बिबवेवाडीत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून रंगनाथभाऊंचं मोटार वाइंडिंगचं. बावीस वर्षांचा शेजार, त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही. पंपाची असो, गिरणीची असो, जळलेली मोटार समोर आली की भाऊ आधी पाना उचलत नसत. खाली वाकून मोटारीच्या जाळीला नाक लावत, डोळे मिटत आणि निकाल देत. "पाणी शिरलंय." "लोड जास्त दिला." "बेअरिंग जाम होऊन घासलीय." मग उघडून बघायचं ते केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. हडपसरहून, धायरीहून लोक मोटारी घेऊन यायचे ते या नाकासाठी, आणि भाऊंना ते पुरतं ठाऊक होतं. दुकानावर पाटी होती, "येथे घाई केली जात नाही. घाई असल्यास नवीन मोटार घ्यावी."

याच नाकातून ते रोज दीड पाकीट सिगारेटचा धूरही सोडत. मी भिंतीवर मीटरपट्टी आपटली की पाच मिनिटं बंद करायचे. सहाव्या मिनिटाला पुन्हा सुरू.

दोन हजार अठराच्या मार्चमधली गोष्ट. धायरीचे सर्जेराव विहिरीवरची मोटार घेऊन आले. "शेठ, बघा बरं हिला काय झालंय. कालपासनं बंद हाय." भाऊंनी नाक लावलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावलं, आणि म्हणाले, "वाइंडिंग गेलं. पूर्ण नवीन भरावं लागेल. चार दिवस." दुपारी उघडली तर आतली तार नव्या नवरीसारखी लखलखीत. बिघडला होता तो फक्त कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा बाहेरचा छोटा डबा. दहा मिनिटांचं काम. सर्जेराव पोट धरून हसले. "शेठ, आता नाक बी वाइंडिंगला टाका की!"

मीही हसले. संध्याकाळी भाऊ माझ्या दुकानात आले, हातात वॉर्निशमध्ये बुडवलेलं फडकं. "शर्मिलाताई, याला वास येतो?"

"अहो, डोकं उठलं माझं. लांब धरा."

"मला नाही येत," ते म्हणाले. "दिवाळीपासून काहीच नाही येत. नुसता अंदाज ठोकतोय." मला दुपारच्या हसण्याची लाज वाटली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, सिगारेट सोडा, कदाचित वास परत येईल, हमी नाही. भाऊंनी बडीशेप चघळली, लवंगा चघळल्या. दहा दिवस घरात आणि दुकानात सगळ्यांवर खेकसले, अकराव्या दिवशी मागच्या बोळात झुरके मारताना मला सापडले. "तोंडाचं काही नाही हो," ते म्हणाले, "हातांना काम लागतं."

भाऊंच्या दुकानावरच्या खोलीत नम्रता भाड्यानं राहायची. मूळची अकोल्याची, हडपसरला आयटी कंपनीत. तिची स्वतःची सिगारेट तिनं वर्षापूर्वी एका यंत्रावर, म्हणजे ई-सिगारेटवर, सोडवली होती. काड्यापेटीहून जरा मोठी डबी, आत बॅटरीचा सेल, वर इवलीशी वाटी. वाटीत तारेची बारीक कॉईल बसवायची, तिच्यातून कापूस ओवायचा, कापसावर औषधाच्या बाटलीतून येतो तसला द्रव टाकायचा आणि बटण दाबून वाफ ओढायची. तेव्हा या वस्तूवर आपल्याकडे बंदी आली नव्हती. कॉईल आपली आपण गुंडाळायची, हे ऐकताच भाऊंचे डोळे चमकले. चाळीस वर्षं दुसरं केलं काय होतं!

"काका, हे काही अमृत नाही बरं," स्वतःची जुनी डबी भाऊंच्या टेबलावर ठेवत नम्रतानं बजावलं. "यात पण निकोटिन असते. आधी सिगारेट सोडायची, मग हे पण सोडायचं. रविवारी मी शिकवते. तोपर्यंत हात नका लावू."

तोपर्यंत म्हणजे अख्खे तीन दिवस. भाऊंनी दोन काढले.

शनिवारी दुपारी त्यांनी रिळावरची वाइंडिंगची तार घेतली, मोटारीत भरतात ती, वरून वॉर्निशचा लेप असलेली तांब्याची. दहा वेढे असे बसवले की बघत राहावं. कापूस हवा होता, म्हणून घरून बायकोच्या, मैनावहिनींच्या, देवघरातली फुलवात उचलून आणली. ती तुपात भिजवलेली होती, हे ग्रीसनं माखलेल्या हातांना आणि वास नसलेल्या नाकाला कळणार कसं? डबीला वाटी लावून बटण दाबलं, तर डबीनं तिच्या इवल्याशा पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि काम करायला साफ नकार दिला.

"मला नापास करतंय!" भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला. मग त्यांनी त्यांच्या धंद्यातली परीक्षा घेतली. वाइंडिंगवाल्यांकडे एक बल्ब असतो, सिरीजमध्ये जोडलेला. तारेच्या दोन टोकांना लावला आणि पेटला, की तार अखंड, माल चांगला. बल्ब अर्थातच ढणढणीत पेटला. "पास! ऐकलं का ताई, पास!" असं ओरडून त्यांनी डबी बाजूला सारली आणि वाटी थेट टेबलावरच्या स्कूटरच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडली.

मला आधी जळक्या वॉर्निशचा वास आला, मग करपलेल्या तुपाचा. धावत गेले तर टेबलावर धूर, वात पेटलेली, आणि भाऊ चार बोटांवर नाक धरून विचारतायत, "तापतंय का हो?" मी मीटरपट्टीनं चिमटा उडवला. सुदैवानं पट्टी लाकडी होती. भाऊंचा अंगठा तेवढा पोळला.

"अहो, वास नाही आला?"

"नाही." ते स्टुलावर बसले. "ताई, चाळीस वर्षं मी याच वासावर जेवलोय." मी पाणी आणून दिलं.

रविवारी नम्रतानं आधी कपाळाला हात लावला. "काहून केलं काका असं? तांबं काय वीज अडवते का? ते सरळ जाऊ देते. बॅटरीत आहे नाही ते सगळं एकदम बाहेर. तुमचा बल्ब फक्त सांगतो की रस्ता मोकळा आहे. इथे रस्ता मोकळा असणं हाच धोका आहे. ते तर बरं, हा सेल असा थेट नव्हता लावला. याला असं शॉर्ट केलं तर हातात फुटू शकते." तिनं वेगळी तार काढली, वीज अडवून तापणारी.

भाऊंनी बोटांत फिरवून पाहिली. "ही तर हिटरची तार! मग आधी बोलायचं ना!"

"रविवारी बोलणार होते."

पुण्यात दोन वर्षं राहून पोरगी तयार झाली होती.

त्यानंतर मात्र भाऊ विद्यार्थी झाले. शंभर पानी वही केली. मी फॉल टाचत टाचत शिकवणी ऐकायची, त्यामुळे निम्मं मलाही पाठ झालं. नवी कॉईल बसवली की आधी ती वीज किती अडवते, तो रोध मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. तारेचं टोक वाटीच्या कडेला टेकता कामा नये. कॉईल एकदा तापून गार झाली की स्क्रू पुन्हा आवळायचे, कारण ते सैल पडतात. कापूस साधा, कोरडा, आणि कोंबायचा नाही. सेल झोपेत चार्जिंगला लावायचा नाही. सेलवरचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलं असेल तर तो सेल बाद, हे मात्र भाऊंनी तिच्या आधीच सांगितलं. उघडी पडलेली तार त्यांनी जन्मात खपवून घेतली नव्हती. तेवढ्यात जादाचा सेल मोठ्या कौतुकानं काढून दाखवला, तो मैनावहिनींच्या कुंकवाच्या स्टीलच्या डबीतून! धातूला टेकून शॉर्ट होईल म्हणून नम्रता किंचाळली. सेल माझ्या चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या घरात गेला आणि चष्मा आजतागायत उघडा पडतो.

आठवडाभरात टेबलावर नवी पाटी लागली, "यंत्र नाही म्हणाल्यास वाद घालू नये." गिऱ्हाइकांना अर्थ लागेना. भाऊ सांगायचे, "ती तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे."

दीड पाकिटाच्या पाच सिगारेटी झाल्या, पाचाच्या दोन. एकदा चहावर सर्जेरावांनी पुढे केली तेव्हा ओढली, आणि संध्याकाळी स्वतःहून नम्रतापुढे कबूल केली. दसऱ्याला शेवटची. पुढे नम्रता द्रवातलं निकोटिन महिन्या-दोन महिन्यांनी उतरवत गेली, ते पुढच्या जुलैत शून्यावर आलं. सप्टेंबरात सरकारनं बंदी आणली, तोवर भाऊंना त्या डबीची गरजच उरली नव्हती. त्यांनी ती स्क्रूनं स्क्रू सुटी केली, सेल ई-कचरा नेणाऱ्यांना दिला आणि वही ठेवून दिली.

पण वास काही आला नव्हता. समोर येणाऱ्या मोटारीला ते नाक लावायचे, मान हलवायचे आणि चारचौघांसारखा पाना उचलायचे. बघवत नसे.

दिवाळीला आठ दिवस होते. सकाळी मी शटर वर करतेय तर भाऊ समोर. हातात भली मोठी पिशवी, चेहरा पांढराफटक. "ताई, घरात वास येतोय."

"गॅस बंद केलात का?" मी ओरडलेच.

"गॅसचा नाही हो. सिगारेटचा." पिशवीत धुवायला काढलेले पडदे होते. "दिवाळीची साडी तुमच्याकडे फॉलला द्यायची म्हणून मैनाचं कपाट उघडलं, आणि नाकात भसकन घुसला. मग पडदे हुंगले, गादी हुंगली. सगळीकडे तोच. वर्ष झालं सोडून, तरी! ताई, तेहेतीस वर्षं ही बाई यात झोपली?"

वास परत आला होता, आणि आनंद करायचा सोडून माणूस माझ्या दारात डोळे पुसत होता. मी आपली हसत होते आणि रडत होते.

मागून मैनावहिनी आल्या, दुसरी पिशवी घेऊन. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारी बाई.

"मैना," भाऊ म्हणाले, "तू एकदाही कशी बोलली नाहीस गं?"

"बोलले होते की," वहिनींनी पिशवी खाली ठेवत सांगितलं. "लग्न होऊन आठ दिवस झाले होते. तुम्ही म्हणालात, कसला वास?"