पूर्ण ऐकून नावं ठेवणाऱ्या बाई

"मोठा आ करा," असं म्हणून त्या आधी तो छोटा आरसा तोंडात घालायच्या आणि मगच स्वतःचं मत सांगायला सुरुवात करायच्या.

दातांच्या डॉक्टरांशी वाद घालता येत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल. तोंडात कापूस, ओठाला लटकवलेली नळी आणि जीभ बधिर. आपण फक्त "अं... अं..." करू शकतो. आमच्या या बाईंनी ही सोय पुरेपूर वापरली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्यांच्या क्लिनिकात मी जितक्या वेळा त्या खुर्चीवर आडवा झालो, तितक्या वेळा माझ्या दाढेबरोबर आमच्या बँडचीही तपासणी झाली. मला उत्तर द्यायची परवानगी मिळायची ती "चूळ भरा" म्हटल्यावर. तोवर त्यांचं बोलून झालेलं असायचं.

बँडचं नाव 'पाचट', म्हणजे ऊस तोडल्यावर फडात मागे राहतो तो वाळका पाला. कॉलेजात असताना आम्ही तिघांनी सुरू केला. आसिफ गायचा आणि गिटार वाजवायचा, वैभव ड्रम्सवर, आणि मी बेसवर. आसिफ रहिमतपूरचा, त्याच्या घरची बेकरी. मी साताऱ्याचा. शिकायला सांगलीत आलो आणि इथेच राहिलो. आमचं संगीत म्हणजे सरळ धडधडाट. 'पेठनाका' नावाचं एक गाणं होतं. हायवेवर पेठनाक्याला उतरून सांगलीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या पोराचं. त्यात शेवटी "गाडी येत न्हाई, येत न्हाई" असं सगळ्यांनी मिळून ओरडायचं. या भागातल्या प्रत्येक माणसानं पेठनाक्यावर कधी ना कधी वाट पाहिलेली आहे, त्यामुळे ते गाणं चाललं. चाललं म्हणजे फारच चाललं.

एका कार्यक्रमात पुढच्या गर्दीचा लोंढा माईकच्या स्टँडवर आला, माईक आसिफच्या तोंडावर आदळला आणि त्याचा पुढचा दात तुटला. अशा रीतीनं बाई आमच्या आयुष्यात आल्या.

"कशानं तुटला?" त्यांनी विचारलं.

"माईकनं."

"म्हणजे गातोस?"

"ओरडतो," आसिफ म्हणाला. तुटक्या दातामुळे त्यातला 'त' नीट आला नाही.

पुढच्या कार्यक्रमाला बाई हजर. वय पन्नाशीच्या पुढे, सुती साडी, पायात पोरांसारखे पांढरे स्पोर्ट्स शूज. 'पेठनाका' सुरू झालं आणि त्या अशा काही ओरडल्या, की शेजारची पोरं गाणं सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. नंतर म्हणाल्या, "दिवसभर मी कुणाला ओरडू देत नाही. आणि मला तर ओरडताच येत नाही, पेशंट पळून जाईल. तुमच्याकडे बरं आहे."

तेव्हापासून त्या प्रत्येक कार्यक्रमाला येऊ लागल्या. इस्लामपूर, कराड, सातारा. नवरा वकील, फार शांत माणूस. तो गाडी चालवत आणायचा आणि कार्यक्रम होईपर्यंत बाहेर गाडीतच पेपर वाचत बसायचा. "यांना हे आवडत नाही," बाई सांगायच्या, "पण मला आणतात. याला संसार म्हणतात."

मग वैभवला पुण्यात नोकरी लागली आणि आमचे ड्रम्स गेले.

दुसरा ड्रमर मिळाला असता. पण आसिफच्या डोक्यात काहीतरी वेगळंच शिजत होतं. तो तिशीत आला होता, वडील आजारी होते, बेकरी त्याच्याकडे आली होती. म्हणाला, "मला आता तसं ओरडवत नाही रे. खोटं वाटतं." त्यानं एक जुना कीबोर्ड आणला. पहाटेच्या बेकरीतले आवाज रेकॉर्ड केले, साखर कारखान्याचा भोंगा रेकॉर्ड केला, ऊसतोडीचा कोयता दगडावर घासतानाची बारीक किणकिण रेकॉर्ड केली. त्यातून सावकाश चालणारी, लांबलचक गाणी तयार झाली. खरं सांगतो, मला सुरुवातीला भीती वाटली. पण वाजवत गेलो तसं लक्षात आलं, की आम्ही पहिल्यांदाच आमच्या वयाचं काहीतरी वाजवतोय.

ऐकणाऱ्यांना ते पटलं नाही. गाणी इंटरनेटवर टाकली आणि खाली एकेक शेरे यायला लागले. 'झोपेची गोळी कशाला घ्या.' 'हे कोणत्या मंदिरात लावायचं?' एकानं लिहिलं, 'पाचट पेटत होतं तवा बरं होतं. आता भिजलंय.' हे वाचून मी हसलो. आसिफ हसला नाही. माझ्या मावसभावानं कडेगावहून फोन केला, "चांगलं चाललेलं, तुमास्नी काय अवदसा आठवली?"

त्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली.

"मोठा आ करा," बाई म्हणाल्या. आरसा आत गेला. "ऐकली तुमची नवी गाणी. सगळी ऐकली. मला आवडली नाहीत."

"अं..."

"हलू नकोस. पहिलं गाणं सुरू होतंय होतंय म्हणेपर्यंत संपलं. दुसरं संपता संपत नाही. आसिफ असा का गातोय, कुणी शेजारी झोपलंय का? मी पुन्हा ऐकली. वाटलं, आपलंच चुकत असेल. परत नाही आवडली." मग मशीन सुरू झालं. दाढेत जे चाललं होतं त्यापेक्षा हे जास्त दुखत होतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "चूळ भरा."

मी चूळ भरली आणि म्हणालो, "मग आता येणार नाही का तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दात घासत नाही असं सांगितलं होतं. "न येऊन कसं चालेल? समोर बसल्याशिवाय नीट नावं ठेवता येत नाहीत."

साताऱ्याच्या कार्यक्रमाला त्या आल्या. एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर, दिवेलागणीला. माझ्याच गावात, माझ्या शाळेतले मित्र समोर. गर्दी चांगली होती, आणि ती कशासाठी आली होती हे आम्हाला माहीत होतं. आसिफनं नवीन गाण्यांनी सुरुवात केली. पहिल्या गाण्याला लोक गप्प राहिले. दुसऱ्याला मागून शिट्ट्या सुरू झाल्या. तिसऱ्याची पहिली ओळ गातोय तोच सगळं लॉन ओरडायला लागलं, "पेठनाका! पेठनाका!" पाण्याची एक रिकामी बाटली येऊन माझ्या पायाशी पडली.

आसिफ थांबला. संयोजक वाकून स्टेजच्या कडेला आला. "आवं, वाजवा की एकदा. पोरं लय लांबनं आल्यात. माझी अब्रू जाईल."

आसिफनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात गिटारकडे गेला होता. तो वाजवणार होता, मला दिसत होतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून बाई उठल्या. स्टेजकडे पाठ केली आणि गर्दीकडे तोंड. माईक नव्हता, लागलाही नाही.

"मी सांगलीहून आलेय," त्या म्हणाल्या. "आणि मला ही नवीन गाणी अजिबात आवडत नाहीत!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी "मावशी झिंदाबाद" म्हणालं.

"टाळ्या नकोत! आवडत नाहीत, पण मी बसलेय. ऐकून घेऊन मग नावं ठेवीन. तुम्ही तर पहिल्या ओळीलाच कोकलायला लागलात. काय आवडलं नाही तुम्हाला, सांगा बरं. हा, तू, निळा शर्ट. काय आवडलं नाही?"

निळ्या शर्टाचा गडी गांगरला. "आवं, पण तुमास्नीच आवडत न्हाई म्हणताय, मग भांडताय कशापायी?"

"मला न आवडण्याचा हक्क आहे की नाही?"

"हाय की."

"मग तो हक्क मी वापरणार कधी? गाणं पूर्ण झालं तरच ना? बस खाली."

लोक हसले. निळा शर्ट खाली बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "बाईचं बराबर हाय." काही जण उठून निघून गेले. बाईंनी त्यांना अडवलं नाही, उलट वाट करून दिली. "ज्यांना जायचंय त्यांनी जा. खुशाल जा. पण ओरडायचं असेल तर गेटाबाहेर." मग त्या खाली बसल्या, पदर नीट केला आणि आसिफला हातानं खूण केली, चल.

आम्ही राहिलेली सगळी गाणी वाजवली. शेवटी टाळ्या वाजल्या, फार नाहीत. 'पेठनाका' वाजवलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आसिफ त्यांच्या पाया पडायला गेला. त्यांनी पाय मागे घेतले. "पाया काय पडतोस? चौथं गाणं फारच वाईट आहे."

"मग उभ्या का राहिलात, मॅडम?"

"तुम्ही घाबरलात तर मी नावं कुणाला ठेवू?"

त्या चौथ्या गाण्यात ती कोयत्याची किणकिण होती. आसिफची सगळ्यात लाडकी. गाडीपाशी तो त्यांना म्हणाला, "निदान ती किणकिण तरी आवडली असेल." बाई म्हणाल्या, "कसली किणकिण?" आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. वकीलसाहेबांनी मात्र पेपराची घडी करता करता बायकोकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, कुकरच्या शिट्ट्या मोजायला तेच उठत होते, हे आम्हाला पुढे कळलं.

मिरजेला बाईंच्या कानांची तपासणी झाली. वरचे, बारीक सूर दोन्ही कानांतून गेले होते आणि बाकीचे जायच्या वाटेवर होते. वय होतंच, त्यात जन्मभर कानाशी चालणारं ते दाढ कोरायचं मशीन.

आसिफ हे ऐकून वेगळ्याच कारणानं उसळला. "म्हणजे मॅडम, आमची गाणी तुम्हाला पूर्ण ऐकूच आलेली नाहीत!"

"कान गेलाय," बाई म्हणाल्या. "मत गेलेलं नाही."

तरीही कानाचं मशीन आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना क्लिनिकात बोलावलं. रविवार होता, पेशंट नव्हते. पेशंटच्या खुर्चीवर त्या स्वतः बसल्या, आणि आम्ही स्टुलांवर. सगळी गाणी पहिल्यापासून लावली. त्या मधे एक शब्द बोलल्या नाहीत. चौथं गाणं आलं, किणकिण आली, तसे त्यांचे डोळे मोठे झाले. गाणं संपलं.

"ऐकली," त्या म्हणाल्या. "छान आहे ती किणकिण. उसाच्या फडात उभं राहिल्यासारखं वाटतं." आसिफचा चेहरा उजळला. "गाणं तरीही आवडलं नाही."

आम्ही तिघंही खूप हसलो. हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "काल मी 'पेठनाका' लावलं होतं. या मशीनमधून ते पत्र्यावर खडे ओतल्यासारखं वाजतं. ते माझं 'पेठनाका' नाही राहिलं रे. लताबितासुद्धा नाही राहिल्या. सगळ्यांचाच आवाज बदललाय." त्यांनी कानामागे बोट नेलं आणि परत खाली आणलं. "म्हणजे मला आता 'जुनं वाजवा' म्हणायचीही सोय नाही."

आसिफ खाली बघायला लागला. मीही.

"तोंडं पाडू नका," बाई म्हणाल्या. "सगळंच नवीन, तर नवीन ऐकायचं. शिकते मी. तुम्ही करत राहा."

पेशंट हळू आवाजात काय सांगतात ते कळेनासं झालं, तेव्हा त्यांनी क्लिनिक बंद केलं आणि वकीलसाहेबांच्या गावी, कडेगावला राहायला गेल्या. आम्ही अधूनमधून जायचो. शेवटचं गेलो तेव्हा आसिफचं एक नवीन गाणं अर्धं झालं होतं. अंगणात खुर्च्या टाकल्या, मी मोठा स्पीकर बाहेर काढला. बाई खुर्ची ओढत ओढत स्पीकरच्या अगदी पुढ्यात आल्या आणि कपाळाला आठ्या घालून ऐकायला लागल्या. एखादी किडलेली दाढ बघताना घालायच्या, तशाच आठ्या.

"परत लाव."

परत लावलं.

"परत."

असं किती वेळा झालं कोण जाणे. शेजारच्या एक म्हाताऱ्या आजी कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "आवं वकीलीणबाई, ह्यो कसला गलका लावलाय सकाळधरनं?"

"गाणं आहे. या बसा."

"ह्याला गाणं म्हणत्यात व्हय?"

"तेच बघतेय मी," बाई म्हणाल्या. आजी खरोखरच येऊन बसल्या.

निघताना आसिफनं विचारलं, "मग? कसं वाटलं?"

"अर्ध्यावर मी मत देत नाही. पूर्ण करून आण, मग सांगते."

दिवाळीच्या आधी बाई गेल्या. झोपेतच गेल्या. वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा गाणं पूर्ण होऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते, आणि आम्ही रविवारी कडेगावला जाणार होतो.

दिवाळीनंतर सांगलीत कार्यक्रम होता. संयोजक आधीच येऊन सांगून गेला, "सुरुवात 'पेठनाका'नं करा, म्हणजे लोक बसतील."

"नाही," आसिफ म्हणाला. "नव्यानं करणार."

त्यानं डोळे मिटले आणि बाईंना अर्धं ऐकवलेलं ते गाणं सुरू केलं. मी बेसवर साथ धरली. मधल्या रांगांतले काही जण चहाला उठले. काही बसून राहिले. दुसऱ्या कडव्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बंद करा ते, जुनं वाजवा!"

आसिफनं डोळे उघडले. त्या आवाजाच्या दिशेनं नीट पाहिलं आणि कडवं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.