बंद दारामागचा पेपर

ठमी हे तिचे खरे नाव नव्हे, वडिलांनी लाडाने ठेवलेले. वय चौतीस. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ती नऊ वर्षे नेटवर्कच्या वायरींना टोके बसवत होती. आठ रंगांच्या आठ तारा झपाझप ओळीने लावायची. पण कुठल्याही कंपनीत गेली की प्रश्न ठरलेला : सर्टिफिकेट आहे का? आता तर दुकानच बंद होणार होते. एका कंपनीने मात्र कबूल केले होते, नेटवर्किंगची पहिली परीक्षा महिनाअखेरपर्यंत पास व्हा, जागा तुमची.

वडील टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. खांब चढून चढून गुडघे कामातून गेलेले, पण जीभ शाबूत. संध्याकाळी जाड चष्मा लावून ते तिचा अभ्यास घेत.

“ठमाबाई, पोर्ट त्रेपन्न कशासाठी?”

“वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायला.”

“बरोबर. आणि हे पोर्ट म्हणजे नक्की काय, ते मला कधी सांगणार?”

“बाबा, तीनदा सांगितलं!”

“चौथ्यांदा सांग. आमच्या वेळी दोन तारांवर लोक तासन्‌तास बोलायचे. तुम्हाला आठ लागतात, आणि घरात बोलायला कोणी नाही.”

दुकान घरापासून दोन पावलांवर होते, परीक्षेचे केंद्र मात्र दूर. वडिलांना दिवसभर एकटे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून तिने घरूनच परीक्षा द्यायचे ठरवले. नियम कडक होते. दीड तास कॅमेऱ्यासमोर बसायचे, उठायचे नाही, खोलीत दुसरे कोणी नको, कोणाचा आवाजही नको.

पहिल्या खेपेला चाळीस मिनिटे सुरळीत गेली. मग दाराबाहेरून आवाज आला, “ठमे, अर्धा कप चहा टाकू का गं?”

पडद्यावर एक ओळ उमटली. परीक्षा रद्द.

“दीड तास तोंड बंद ठेवता येत नाही तुम्हाला?” ती ओरडली. त्या संध्याकाळी वडिलांनी चष्मा लावला नाही.

दुसरी तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली. त्यानंतरची मिळून उपयोग नव्हता. सकाळी दहाला ती दार लावू लागली, तेव्हा वडील म्हणाले, “आज मी म्हणजे भिंत समज.”

एकोणिसाव्या प्रश्नाला स्वयंपाकघरात धाडकन काहीतरी पडले. तिचा हात थांबला. बाबांची हाक येते का, म्हणून तिने कान दिला. हाक आली असती तर ती उठली असती. पुढे कितीतरी वेळा तिने स्वतःला हे सांगितले. हाक आली नाही. पातेले पडले असेल, असे म्हणून तिने पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

साडेअकराला निकाल लागला. तिने दार उघडले. “बाबा, पास!”

ते ओट्याजवळ कुशीवर पडले होते. खांद्यावरच्या टॉवेलचे टोक त्यांनी दातांत घट्ट धरले होते. तिला पाहिल्यावर ते सोडले.

“किती मार्क?”

“कधी पडलात तुम्ही?”

“आत्ताच गं. तू दार उघडलंस ना, तेव्हाच.”

फरशीवर सांडलेला चहा कडेने वाळून चिकट झाला होता.

मांडीचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, पण नंतर छातीत कफ झाला आणि ते अंथरुणातून उठले नाहीत. सात आठवड्यांत सगळे आटोपले. ठमी दिवसा नव्या नोकरीवर जाई आणि संध्याकाळी हॉस्पिटलात येऊन बसे. ऑफिसात आज काय बिघडले होते, ते बारीकसारीक विचारून घेतल्याशिवाय वडील औषध घेत नसत.

शेवटच्या आठवड्यात एकदा ती चादर सारखी करत होती. त्यांनी तिचे मनगट धरले.

“ठमे, त्या दिवशी आत तुला काही आवाजबिवाज नव्हता ना आला?”

ती चादरीची घडी बघत राहिली.

“नाही, बाबा. दार घट्ट होतं.”

“मग बरं,” ते म्हणाले, आणि त्यांनी मनगट सोडले. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली.