पिवळीच्या तोंडातली पिल्लं

"आरं पळ! तुजे मासे हवा मागायला वर आल्यात!"

आईची ही आरोळी वारूळवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरातून निघाली आणि, खोटं कशाला सांगू, ओतूरच्या स्टँडवर एखाददुसरी एसटी थबकली असेल. मी चपला बांधावरच टाकून धूम ठोकली.

डीपी जळाली होती. सकाळपासून लाईट नाही, माशांच्या टाकीतला हवेचा पंप मुका. चार फुटी काचेत माझे आफ्रिकेतले सिक्लिड मासे. त्यांच्यातला निळा नर इतका निळा, की त्याच्यासमोर पाहुण्यांचे नवे शर्ट विटके दिसत. आणि पिवळी मादी, तोंडात पिल्लं धरलेली. ह्या जातीत आई अंडी तोंडातच उबवते आणि पिल्लं पोहती होईपर्यंत घास घेत नाही. पिवळीचा अठरावा दिवस होता. घसा असा फुगलेला, की आत सबंध अंगणवाडी बसली असावी. "येवढं उपास तर मी बी केलं न्हाईत," असं आई तिच्याबद्दल मानानं बोलायची. पिल्लं बघायला या, म्हणून मी पार आळे गावापर्यंत आवतणं देऊन बसलो होतो.

आता पिवळी वर येऊन कल्ले झपझप हलवत होती. तोंड मात्र घट्ट मिटलेलं.

मी तांब्यानं पाणी उचलून उंचावरून ओतायला लागलो. खांदे भरून आले, मासे काही खाली जाईनात. तेवढ्यात चुलते आले, पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप.

"सरक तिकडं. बारीक फवारा मारतो, पाण्यात हवा जाईल."

"काका, टोमॅटोवर औषध मारायचा ना हा?"

"खंगाळूनच आणलाय. मी काय येडा हाय?"

नको म्हणायला हवं होतं. पण पिवळी तिरकी व्हायला लागली होती आणि मला दुसरं काही सुचेना. टाकीतलं पाणी पंपात मीच भरून दिलं.

फवारा सुरेख पडला. मग निळा एकदम उसळला, काचेवर आपटला, गोल गोल फिरला आणि उलटा झाला. त्याच्यामागं बाकीचे. मी दोन्ही हात पाण्यात घालून उभा. धरू कुणाला? ताजं पाणी आणावं तर लाईटीविना बोअर बंद. आईनं प्यायचा हंडा आणून ओतला. तेवढ्यानं काय होतंय?

शेवटी पिवळीनं तोंड उघडलं. जिऱ्याएवढी पिल्लं बाहेर आली, डोळे उमटलेली, थोडी पोहली सुद्धा. मग पिल्लंही थांबली.

मी विचारलं, "काका, पंप नीट धुतला व्हता ना?"

"दोनदा खंगाळला," चुलते म्हणाले. "टोमॅटोला तेवढंच लागतं."